पत्तीमामांचे सहा थाऊ

पत्तीमामा डोळे मिटून मोजत. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये पातळ पोलादी पत्ती सरकवायची, दोन बोटांनी हळूच ओढायची आणि किती जोर लागला त्यावरून फट सांगायची. "पाच थाऊ. खाली साडेपाच." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी मुंबईहून डिप्लोमा आणि मायक्रोमीटर घेऊन आलेला. मी लगेच मोजून पाही, आणि आकडा तोच निघे. एकदा तरी ते चुकावेत म्हणून मी चार वर्षं वाट पाहिली.

आम्ही दोघं ग्वाल्हेर दरबारच्या मोटारखान्यात होतो. त्यांचे वाडवडील फौजेतले, आमचे दफ्तरातले. लिहिण्यावाचण्याचा मान आमच्या घराण्याचा, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. पण कुणी सरदार गाडी घेऊन आले की इस्त्रीचा कोट घालून उभ्या असलेल्या मला ओलांडून विचारत, "मामा कुठे आहेत?" दाना ओलीतल्या घरी अंथरुणाला खिळलेले माझे वडीलसुद्धा कामाची हकिगत ऐकून झाल्यावर विचारत, मामा काय म्हणाले? माझा जीव जळायचा.

मामांचा एक नेम होता. सिलिंडर आतून घासून झाला की तो आणि त्याचा पिस्टन शेजारी शेजारी ठेवून वर धोतराचा फडका टाकायचा आणि घरी जायचं. "एका खोलीत रात्र काढू देत दोघांना. मग मोजा." घासताना सिलिंडर तापतो, तापला की फुगतो, आणि तेव्हा मोजलेली फट खोटी असते. मलाही हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण मोटारखान्यात ते मामांचं म्हणून चाले, आणि म्हणूनच मला ते पाळायचं नव्हतं.

मग संस्थानं विलीन झाली. मोटारखाना मोडून माणसं नव्या राज्याच्या वर्कशॉपात घ्यायची ठरली. फोरमनच्या जागा दोनच, एक ग्वाल्हेरला आणि एक इंदूरला. वडिलांना हलवणं शक्य नव्हतं. मला ग्वाल्हेरच हवं होतं. निवड करायला आलेल्या साहेबांनी परीक्षा म्हणून दरबारची शर्यतीची गाडी माझ्या हवाली केली; ती नीट पळाली तर ग्वाल्हेर माझं, नाहीतर मामांचं. तिला सुपरचार्जर होता. तो इंजिनात हवा कोंबतो, त्यामुळे पिस्टन भलताच तापतो. म्हणून फट नेहमीपेक्षा सैल लागते. मी सहा थाऊ ठरवली. आकडा बरोबर होता.

मे महिन्याची दुपार होती. सिलिंडर घासून होताच मी मायक्रोमीटर लावला. मामांनी पालथा हात सिलिंडरला लावला आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, गणित एकदम बरोबर आहे तुमचं. पण हा अजून गरम आहे. उद्यापर्यंत सबर करा ना." श्रेयात वाटा हवाय, असं मला वाटलं. मी त्याच दिवशी इंजिन बांधायला घेतलं.

मुरारच्या सरळ रस्त्यावर गाडी सुटली ती बघण्यासारखी. मैलभर गेली आणि इंजिन जाम झालं. उघडल्यावर पिस्टनच्या अंगावर ओरखडेच ओरखडे. निवून सिलिंडर आवळला होता आणि माझे सहा थाऊ जेमतेम चार उरले होते. फट कोणी मोजली, असं साहेबांनी विचारलं. मी खाली वाकून पिस्टन पुसू लागलो.

"पत्ती माझी होती, साब," मामा म्हणाले.

ते इंदूरला गेले, मी ग्वाल्हेरला राहिलो. असं का केलंत, हे मी स्टेशनवर विचारलं. माझं काय, मी एकटा माणूस, कुठेही राहीन, तुमच्या वडिलांना कुठे नेणार होतात, असं काहीसं ते बोलले. गाडी हलली तेव्हा मात्र खिडकीतून म्हणाले, "जागा ठेवावी हो मधे. तापल्यावर सगळेच फुगतात." त्यांना सगळं मालूम होतं, पहिल्या दिवसापासून.

खरं तर त्या दिवशी माझा मत्सर संपायला हवा होता. तो वाढला. बोटांचा हेवा होताच, आता मनाचाही वाटू लागला, आणि त्याला कुठल्या पुस्तकात उतारा नव्हता.

मामा इंदूरलाच वारले. मी त्यांच्यासारखी पत्ती आणून वर्षानुवर्षं डोळे मिटून ओढली. बोटांना पोलादाखेरीज काही कळलं नाही. निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नव्या फिटरला सांगत आलो, एका खोलीत रात्र काढू देत दोघांना, मग मोजा. वर्कशॉपात हे वाक्य अजून चालतं. माझं म्हणून चालतं, आणि ते कोणाचं हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.