दोन ताऱ्यांचा बाप

आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांना सगळी इमारत ‘दोन तारे’ म्हणते. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगू, आतून ते खूश आहेत. तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होते. पुढ्यात आलेला शर्ट उलटा करून खोट शोधायची, हे काम. ज्या दिवशी खोट सापडत नसे त्या दिवशी म्हणे जेवण जात नसे.

निवृत्त झाले आणि हातात फोन आला. फोनवर बाजार, आणि बाजारात प्रत्येक वस्तूखाली अभिप्राय लिहायला मोकळी जागा! माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच. फक्त हे माकड चष्मा लावून, फूटपट्टी घेऊन बसायचं. बादली, चपला, खिळे, काही सुटलं नाही. ‘उशी मऊ, पण सांगितल्याहून दीड सेंटिमीटर आखूड. दोन तारे.’ पाच तारे कुणाच्या बापाला दिले नाहीत. “पाच म्हणजे सुधारायला जागाच नाही. असं जगात काही नसतं,” हे वाक्य ते बायकोकडे बघून म्हणतात.

बाजारवाल्यांनी त्यांना ‘विश्वासू परीक्षक’ असा बिल्ला दिला. तेव्हापासून त्यांचं लिहिलेलं सगळ्यांत वर दिसतं, आणि वाचणारे त्याखाली ‘उपयुक्त’ दाबतात. किती जणांनी दाबलं, हे दाढीच्या आधी बघायचं.

त्यांची मुलगी नवऱ्याशी पटेना म्हणून दोन वर्षांपूर्वी माहेरी परतली. मागच्या खोलीत मशीन टाकून खांद्याच्या कापडी पिशव्या शिवायची, आणि याच बाजारात तिनं दुकान उघडलं. दुकान चाललं तर वेगळी खोली घेऊन राहायचं, एवढंच तिला हवं होतं. बापाच्या घरात रोज भाजीलासुद्धा तारे मिळतात, कोण राहील? अकरा जणांनी तिला पाच-पाच तारे दिले होते. त्यातली एक मी. पिशवी मी बघितलीही नव्हती.

एके दिवशी ती बापाला म्हणाली, “बाबा, तुमचं वर लागलं ना, की लोक घेतील. एकदाच पाच द्या.”

“न बघता लिहिणार नाही.”

“ही घ्या की, मशीनवरच आहे.”

“ती तू मला दाखवायला शिवलीस. मला गिऱ्हाइकाला जाते ती हवी.”

म्हणून त्यांनी स्वतःच्या खात्यावरून पिशवी मागवली, आणि पोरीला कळू नये म्हणून पत्ता दिला माझा. पिशवी मागच्या खोलीतून निघाली, गावाबाहेरच्या गोदामात गेली आणि चार दिवसांनी समोरच्याच दारात, म्हणजे माझ्याकडे उतरली. दहा पावलांचा प्रवास! दोन तारे फूटपट्टी आणि भिंग घेऊन आले. शवविच्छेदन माझ्या जेवणाच्या टेबलावर झालं.

“पट्ट्याच्या सांध्याला इंचाला सातच टाके. दहा हवेत,” ते म्हणाले. चेहरा असा उजळला, जसं बारसं ठरलंय.

“भाऊजी, पोटची पोर आहे. द्या पाच.”

“वहिनी, पट्टा तुटून कुणाचं सामान रस्त्यावर सांडलं, तर त्याला काय सांगू? पोटची पोर आहे म्हणून?”

मी चहा ठेवला. त्यांनी फूटपट्टीसकट फोटो काढला आणि लिहिलं: ‘रंग बरा. सांधा कच्चा. शिवणाऱ्याला घाई दिसते. दोन तारे.’

आठवड्यात मागणी आटली. मग समोरचं भांडण ऐकायला मला दार उघडावंही लागलं नाही.

“सात टाक्यांचं मला घरात सांगितलं असतं, तर सगळ्या उसवून पुन्हा शिवल्या असत्या!” पोर म्हणत होती.

“ऐकलं असतंस?”

“ऐकलं असतं, बाबा.”

मग बायको कडाडली, “अहो, काढून टाका ते मेलं!”

“एकशे नव्वद जणांना उपयोगी पडलंय. काढू कसं?”

खोटं कशाला बोलू, त्या एकशे नव्वदांत मीही होते. मुद्देसूद लिहिलं होतं.

पोरीनं दहा टाक्यांच्या पिशव्या शिवल्या. वरचं वाचून कुणी त्यांच्यापर्यंत पोचेचना. महिन्याभरानं ती ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात लागली. वेगळी खोली राहिली बाजूला. दुकान बंद करते म्हणाली, तेव्हा मी त्यांची चाळणी परत द्यायला गेले होते. दोन तारे पांढरे पडले. मला वाटलं, उशिरा का होईना, पाझर फुटला.

ते तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. “दुकान बंद कर. पण पिशवीचं तेवढं एक पान राहू दे. ‘माल संपला’ म्हणून लिही. पान गेलं तर त्याखालचं माझंही जाईल.”

तिनं मशीनवर कापड झाकता झाकता विचारलं, “किती झालेत?”

“चारशे दहा.”

“राहू दे मग.”

काल पाचशे झाले. त्यांनी मला हाक मारून आकडा दाखवला, बायकोला दाखवला. तिनं बघितलंही नाही.

“हिला काय कळतंय! पोरीला दाखवतो,” ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघत दारात उभे राहिले. “सहाला सुटते ती.”