खालच्या दुकानाची नोटीस

आयर्लंडमधल्या ॲथलोनला आम्ही राहायचो त्या फ्लॅटच्या खाली बुटांचं दुकान होतं. ते बंद पडलं, काचेवर धूळ साचत राहिली. मग एका सकाळी काचेला आतून नोटीस चिकटवलेली दिसली. मुलीला शाळेत सोडायची घाई होती, तरी थांबून वाचली. या जागेत फक्त प्रौढांसाठीच्या वस्तूंचं दुकान काढायला कुणीतरी काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, परवानगी मागितली होती.

मुलीने हात ओढला. “आई, व्हॉट डझ इट से?”

“काही नाही गं. रंगकाम आहे.”

रस्त्यावरून आत यायचा दरवाजा दुकानाला आणि आम्हाला एकच होता. आत अरुंद बोळ, डावीकडे दुकान, समोर आमचा जिना. नवरा डब्लिनला नोकरीला, त्याला परतायला उशीर व्हायचा. संध्याकाळी घरात आम्ही दोघीच. दुकानात आलेला एखादा माणूस चुकून जिना चढून वर आला तर? आणि मुद्दामच आला तर? भाजी चिरता चिरता मी खालचे आवाज ऐकू लागले, आणि खाली तर अजून कुणीच नव्हतं.

शेजारच्या सलूनवालीने वेगळंच सांगितलं. “लोक म्हणतायत, अर्ज कुणा इंडियन माणसाचा आहे. तुमच्या ओळखीचा नाही ना?” ती हसत होती. मला हसता आलं नाही.

शनिवारी दुपारी खालचा दरवाजा जोरजोरात वाजला. नवऱ्याला त्या दिवशीही ऑफिसला जावं लागलं होतं. मी खाली जाऊन, साखळी न काढता दार किलकिलं केलं. बाहेर दोन पुरुष आणि एक बाई. बाईला मी शाळेच्या फाटकाशी रोज बघायचे.

“तुमच्या नवऱ्याला सांगा, इथून शाळेची मुलं जातात,” त्यातला उंच माणूस म्हणाला.

“आम्ही भाडेकरू आहोत. आमचा काही संबंध नाही त्याच्याशी.”

“असं सगळेच म्हणतात.”

त्याने दारावर तळहात टेकला. साखळी ताणली गेली. मी आतून दाराला खांदा लावला. बाई माझ्याकडे निरखून बघत होती. मग तिने त्याची बाही धरली आणि म्हणाली, “अरे, हिची मुलगी आपल्याच शाळेत आहे. चल.” ते गेले. मी वर आले तर मुलगी बाथरूममध्ये, पायात बूट घालून, दप्तर पोटाशी धरून बसलेली.

नवऱ्याने आल्यावर गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, फोन केला. त्यांनी सगळं नीट ऐकून टिपून घेतलं. मला मात्र सोमवारी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं होतं.

मुलीला शाळेत सोडून मी थेट काउन्सिलच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने अर्ज दाखवला. अर्जदार इथलाच होता, नदीपलीकडचा. “हरकत घ्यायची असेल तर जागेबद्दल लिहा,” ती म्हणाली. “धंदा घाणेरडा आहे म्हणून नको, एवढंच लिहून भागत नाही. आणि तुमचं नाव-पत्ता वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल, बरं का.”

मी पेन खाली ठेवलं. अर्जदाराला कळणार, त्या उंच माणसाला कळणार. नाही लिहिलं, तर लोक म्हणणार, बघा, गप्प बसली. शेवटी लिहिलं: दरवाजा एक, बोळ एक, वर लहान मूल राहतं. सही करताना माझंच नाव मला परक्यासारखं वाटलं.

पुढचे आठवडे मी पावलं मोजल्यासारखी वावरले. बोळातला दिवा दिवसाही चालू ठेवायचे. मुलीला खिडकीशी बसू देत नव्हते. मग निकाल आला. घरात आणि दुकानात जायची वाट एकच, म्हणून परवानगी नाकारली होती. सलूनवालीने मला मिठी मारली.

त्याच आठवड्यात सुपरमार्केटात तो उंच माणूस समोर आला. त्याने अंगठा वर केला. “फेअर प्ले टू यू, मिसेस!” आवाजात खरंच कौतुक होतं. मी थँक यू म्हटलं, भरलेली ट्रॉली तिथेच सोडली आणि बाहेर येऊन गाडीत बसले. सगळे दरवाजे लॉक केले. 

तिथूनच नवऱ्याला फोन केला. “डब्लिनजवळ, मेनूथला घर बघ,” म्हटलं.