खटका वाजलाच पाहिजे!

जुन्या सायकलीचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, घरी उघडला की एक किस्सा हमखास जमतो. आमच्या तिघांकडे पोतंभर जमलेत. मी पेणची, वासंती जोह्याची, घनश्याम रोह्याचा. "नवा घ्या" असं कुणी म्हटलं की तिघांचंही डोकं फिरतं!

* * *

घनश्यामची पहिली स्प्रिंग उडाली ती कायमची. पुढच्या खेपेला तो भरदुपारी शिफ्टर घेऊन मच्छरदाणीत बसला. उडून उडून जाणार कुठे! शेजारीण धास्तावून आली, "घनश्यामला ताप आला काय गो?"

त्याची आई म्हणाली, "ताप नाय, गिअर हाय."

* * *

त्यानेच एकदा ग्रीस संपलं म्हणून आत खोबरेल तेल भरलं. थंडीची सकाळ. पेणला यायला निघाला, तर वाटेतल्या कासू गावापर्यंत गिअर हलेना. उन्हं वर आली आणि खटके आपोआप पडायला लागले!

"माझं काय चुकलं नाय, तेल थिजलं होतं," हे तो आजही ठणकावून सांगतो.

* * *

मग माझ्याच शिफ्टरचा खटका पडेना. पेणच्या दुकानदाराने तो हातातही घेतला नाही. "ताई, हे उघडत नाहीत, बदलतात. घरी उघडलात तर भंगारात जाईल."

मी भडकले. म्हटलं, "रविवारी याच शिफ्टरवर रोह्याला जाणार. तुमच्या दुकानासमोरून!"

वासंतीचा गणपतींचा कारखाना. तिने शाडूच्या मातीची ओली लादी घेतली आणि शिफ्टर उघडताना एकेक भाग निघेल त्या क्रमाने तिच्यात रोवला. जोडताना फक्त उलटीकडून उचलायचं. शनिवारी जोडायला बसलो, तर स्प्रिंग गायब!

तिचा नवरा चाचरत म्हणाला, "मी कडेची माती तेवढी घेतली. उंदरासाठी."

उंदीर वाळून, रंगून गणपतीच्या पायाशी बसला होता. वासंतीने तो उचलला.

"अगो, गिऱ्हाईक दारात हाय!" नवरा ओरडला.

"उंदीर परत होईल. स्प्रिंग नाय व्हायची," म्हणत तिने तो फोडला.

रविवारी दुकानासमोर मी मुद्दाम सगळे गिअर वरखाली केले. कट, कट, कट! दुकानदार बाहेर आला. "घेतलात ना शेवटी नवा?"

वासंती पायडल मारता मारता ओरडली, "नाय वो, जुनाच! उंदराच्या पोटातनं काढला!"