उस्ता शलबीची करवत

नाईल समुद्राला मिळते तिथल्या आमच्या दुमयात शहरात कुणाचा धंदा कसा चाललाय ते कानांनी कळतं. गल्लीत पूर्वी दारोदारी पलंग-कपाटांचे कारखाने होते. आता एकट्या उस्ता शलबीची, आमच्या सुतार उस्तादाची, विजेची करवत उरलीय. रोज सकाळी तो ती सुरू करतो आणि बराच वेळ नुसतीच फिरवतो. पात्याखाली लाकूड नसतं. माझं सगळं आयुष्य पॉलिश करण्यात गेलं. लाकूड कापणारं पातं कोणतं आणि हवा कापणारं कोणतं, हे मला झोपेतही कळेल. गल्लीत सगळ्यांनाच कळतं. पण ज्याची करवत गप्प, त्याच्याकडे व्यापारी ऑर्डर घेऊन फिरकत नाही. म्हणून आम्हीही ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

कहवाखान्यात टीव्ही सदान्‌कदा देशाच्या भरभराटीचं सांगत असतो. मालक हाजी मुतवल्ली मुद्दाम आवाज वाढवतो.

"ऐक रे शलबी, देश धावतोय म्हणे!"

"धावू दे की. धावता धावता माझे कारागीर पळवले त्याने. एक टुकटुक रिक्षा चालवतोय, दुसरा राजधानीतल्या नव्या टोलेजंग इमारतीखाली वॉचमन आहे."

"मग त्या इमारतींत पलंग कुठले?" मी विचारलं.

"परदेशचे. खोक्यातून येतात, सोबत स्क्रूची पुडी. मालकानेच जोडायचे." शलबी हसला. मला काही हसू आलं नाही.

गेल्या गुरुवारी करवतीचा आवाज बदलला. जड, घोगरा. पात्याखाली लाकूड होतं, तेही जुनं, जाडजूड! माणसं दारात आली. "ऑर्डर आली रे, शलबीला ऑर्डर आली!" मुतवल्ली ओरडला आणि लग्नात करतात तसं लाल सरबत करायला धावला. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मी आधी ब्रश स्पिरिटमध्ये भिजत घातले. शलबीचं काम म्हणजे माझं पॉलिश.

ग्लासांचं तबक घेऊन आम्ही आत शिरलो. शलबी आपल्या वडिलांचं कामाचं मेज कापत होता. पटाशीच्या जुन्या खुणा असलेले तुकडे पायाशी पडले होते, भट्टीच्या तोंडात मावतील एवढे.

"बेकरीवाल्याला सरपण हवं होतं," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष तबकाकडे गेलं. "सरबत कशाचं, हाजी?"

मुतवल्लीची मान खाली गेली. "असंच. देश धावतोय ना, त्याचं."

शलबीने ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि मेजाचा उरलेला अर्धा भाग पात्याखाली सरकवला.

मी घरी आलो, ब्रश पुसले आणि खुंटीला टांगून ठेवले.