पंचवीस अंश

माझा स्वभाव तापट, त्यात मे महिना, त्यात सोलापूर. पीएचडीसाठी तीन वर्षं मी एका सर्क्युलेटरच्या मागे होते. तळहातावर मावेल एवढी पितळी डबी, आत फेराइटची काळी चकती, वरखाली चुंबक आणि तीन तोंडं. एका तोंडातून आलेला मायक्रोवेव्ह सिग्नल पुढच्याच तोंडातून बाहेर पडतो, मागे फिरत नाही. म्हणजे फिरू नये. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये फिरत नव्हता; कॉलेजच्या आमच्या पत्र्याच्या लॅबमध्ये खुशाल फिरत होता. सोमवारी गाइड सर बघायला यायचे होते. आकडे जुळले नाहीत तर आणखी एक वर्ष पाण्यात.

डबी वर्कशॉपमधल्या टर्नरमामांनी लेथवर केली होती. मंगळवेढ्याकडचे, निवृत्तीला आलेले. भर दुपारी त्यांना बोलावलं आणि प्रोजेक्टच्या पोरांसमोर सुनावलं, "मामा, चकतीची खाच चुकलीय तुमची."

त्यांनी शांतपणे मायक्रोमीटर लावला. "माप बराबर हाय, मॅडम. पर हितं नुसती भट्टी हाय. सकाळच्याला बगा की एकदा."

"तुम्ही तुमचा लेथ सांभाळा!"

मामा मायक्रोमीटर खिशात टाकून जिना उतरून वर्कशॉपकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सातलाच लॅब उघडली, ती त्यांना खोटं पाडायला. मोजलं, तर आलेख मॉडेलवर तंतोतंत बसला. अकरानंतर पत्रा तापला, तसा तो सरकत गेला. अगं बाई! फेराइट तापलं की त्याचं चुंबकत्व कमी होतं, हे मीच वर्गात शिकवते. मॉडेल उघडलं. तापमान: पंचवीस अंश. पुस्तकातल्या उदाहरणात होतं, तसंच टाकलेलं. आणि मी जन्मापासून इथली, उन्हाळाभर खिडकीला ओली चादर बांधणारी!

मला नाचता येईना, म्हणून मामांचं अंगण वाकडं ठरवलं होतं. फार लाज वाटली.

बेचाळीस अंश घालून नवं माप काढलं आणि कागद घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. मामा एकटेच लेथ पुसत होते.

"मामा, चुकलं माझं. तुमचं माप बरोबर होतं."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "सोमवारच्या आत देतो." मग कागदाची घडी करत म्हणाले, "माजं चुकलं म्हनालात ते पोरांफुडं. तुमचं चुकलं ते हितं येकट्यानं येऊन सांगताय व्हय?"

पोरं अजून लॅबमध्येच होती.

"चला मामा," मी म्हणाले, "माझ्याबरोबर वर चला."