कॅमेऱ्याची गोळी आणि आम्ही दोघं बघणारे

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. जालन्याच्या नवीन जालना भागात आमच्या सरांचा पोटविकारांचा दवाखाना होता आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. सरांनी कॅमेऱ्याची गोळी आणल्यापासून दवाखान्याचा रुबाब वाढला होता. पेशंटनं गोळी गिळायची, कमरेला यंत्र बांधून आठ तास काढायचे, मग आतड्याचे हजारो फोटो आम्ही कॉम्प्युटरवर सिनेमासारखे बघायचे.

अंबडचे एक निवृत्त मास्तर आले. अंगातलं रक्त सारखं कमी होत होतं आणि दुर्बिणीच्या तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं. त्यांनी गोळी घेतली.

सरांनी त्यांचा सिनेमा सगळ्यात जास्त वेगावर लावला आणि फोनवर मित्राशी कपाशीच्या बियाण्यावर बोलत बघितला. कपाशी संपली तेव्हा आतडंही संपलं. "नॉर्मल," सर म्हणाले. त्यांचा अनुभव इतका दांडगा, की बघायची गरज त्यांना कमीच वाटायची.

मी तोच सिनेमा दोन दिवस सावकाश बघितला. मला अकरा जखमा, तीन गाठी आणि एक जंत सापडला. सरांनी माझी यादी तपासली. जखमा बुडबुडे निघाल्या, गाठी आतड्याच्या घड्या आणि जंत मेथीचा देठ.

"जंताचं बारसं केलं का?" सरांनी विचारलं.

मास्तर रिपोर्ट न्यायला आले. "आठ घंट्याची फिल्म किती वेळात पाह्यली?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्या तासात," सर म्हणाले.

"मी बी पेपर असेच तपासायचो. एका पोरीला नापास केल्तं. मी न पाह्यलेल्या पुरवणीत तिची सगळी उत्तरं बराबर होती. मंग घरी जाऊन माफी मागितली. तुम्ही पुन्हा पाहा, मला जल्दी न्हाई."

सरांनी फोन बंद केला आणि मला शेजारी बसवलं. वेग कमी केला. मी जागोजागी थांबवायचो, ते म्हणायचे, "बुडबुडा. पुढं." मग एका ठिकाणी मी पुढं निघालो आणि तेच म्हणाले, "थांब. मागं घे."

दोनच फोटोंत एक लाल, कोळ्यासारखा ठिपका होता; रक्त तिथूनच झिरपत होतं.

"मला दिसलाच नव्हता," सर म्हणाले.

मला दिसला होता. पण अख्ख्या आतड्यात तेवढाच मी नॉर्मल धरला होता.

नवा रिपोर्ट घेऊन सर स्वतः अंबडला गेले. मास्तरांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, स्पेलिंगच्या दोन चुका दाखवल्या आणि चहा मागवला. पुढं मोठ्या शहरात लांब दुर्बिणीनं तो ठिपका जाळला. मास्तरांचं रक्त हळूहळू भरून आलं.