ताईच्या आवाजाला उशीर

ताई गेली, हे फोनवर कुणी स्पष्ट बोलेना. "तुमी निघा आधी," एवढंच. सेलूहून पूर्णेला पोचेपर्यंत मला धास्ती होती ती आईची. चुडाव्याच्या शाळेत शिकवता शिकवता ताई कोसळली असेल, हे डोक्यातही आलं नाही...

ताई मुलांना कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला शिकवायची. आईला काचबिंदू, घड्याळ दिसत नाही. म्हणून तिच्यासाठीही ताईनं घरच्या जुन्या लॅपटॉपवर डोळ्यांतल्या दोन औषधांची वेळ सांगणारा एक केला होता, स्वतःच्या आवाजात. "आई, पहिला थेंब." मग पाच मिनिटं थांबायचं. "आता दुसरा." मग बारा तास थांबायचं आणि परत पहिल्यापासून, कायम. मधली पाच मिनिटं बारा तासांतून वजा करायची मात्र राहिली, त्यामुळे आवाज रोज थोडा मागे पडायचा. "मास्तरीणबाई, तुमचंच गणित चुकलं की," मी चिडवायची. "असू दे गं, रविवारी लावते की परत," म्हणायची. दर रविवारी सकाळी वेळेवर प्रोग्रॅम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबायची. दुरुस्त काही केलं नाही.

ती गेल्यावर झेंडा कोण दाबणार? महिनाभरात सरकत सरकत सकाळचे थेंब दुपारच्या जेवणावर आले. वेळ चुकली तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण आई लय हट्टी. "तिनं सांगितल्याबिगर न्हाई टाकायची मी." बंद करून नव्यानं लावते म्हटलं, तर म्हणाली, "हात लावू नको. बंद पडली तर कुठून आणशील तिला?" खरं सांगते, मलाही तीच भीती होती. लाईट गेली तरी मी आधी लॅपटॉपकडे धावायची. बंद करायच्या लाल बटणापाशी बोट न्यायची आणि मागे घ्यायची. एकीकडे आईचे डोळे, दुसरीकडे ताईचा आवाज... जीव नुसता टांगणीला.

शेवटी एका सकाळी, थेंबांच्या खऱ्या वेळेला, आईचा हात माऊसवर ठेवला आणि वर माझा. आधी लाल, मग हिरवा. काहीच ऐकू येईना. मी लॅपटॉपला कान लावला. मग आवाज आला, "आई, पहिला थेंब."

आईनं मान मागे टाकली. मी थेंब टाकला, तो पाण्याबरोबर गालावर ओघळला. परत टाकला, परत तेच.

"आई, रडू नको गं. औषध राहायलं न्हाई डोळ्यात."

"दुसऱ्याला पाच मिनिटं हायत न्हवं?" आई म्हणाली. "तवर रडू दे मला."